यंत्र बसवलं म्हणजे झालं?
'जहाजावर बॅलास्ट वॉटर शुद्ध करणारं यंत्र आहे ना, मग नमुने घ्यायचं वेगळं प्रशिक्षण कशाला?' असं कुणीही विचारेल. (बॅलास्ट वॉटर म्हणजे जहाजाचा तोल राखायला टाक्यांत भरलेलं पाणी; ते दुसऱ्या बंदरात सोडलं की त्यातले जीवही तिथे पोहोचतात.) अहो, खरी गोम नमुना घेण्यातच आहे. बॅलास्ट वॉटरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या डी-२ मानकानुसार सोडायच्या पाण्यात ५० मायक्रोमीटर किंवा त्याहून मोठे जिवंत जीव एका घनमीटरमागे १० पेक्षा कमी हवेत. घनमीटर म्हणजे हजार लिटर! बादलीभर पाण्यात एकही सापडला नाही, तर त्यावरून काय कळणार? म्हणून भरपूर पाणी बारीक जाळीतून गाळायचं, तेही जाळी पाण्यात बुडवून ठेवून. धार थेट जाळीवर आपटली तर जीव तिथेच मरतात आणि नापास व्हायचं पाणी कागदावर पास होतं. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली निपचित पडलेल्या कोपेपॉडला (कोळंबीच्या जातकुळीतला अगदी बारीक जीव) सुईच्या टोकाने हळूच डिवचायचं. पाय हलला की तो जिवंत धरायचा. यात हात बसायला वेळ लागतो, नुसतं वाचून जमत नाही.

एवढी काळजी कशासाठी? १९८०च्या दशकात काळ्या समुद्रात निमिऑप्सिस हा जेलीसारखा जीव बॅलास्टमधूनच आला असं मानतात. तो माशांची अंडी-पिल्लं आणि त्यांचं खाद्यही फस्त करायचा. अतिमासेमारी होतीच, त्यात याची भर पडली आणि अँचोव्ही या छोट्या माशाची मासेमारी कोसळली.