सांगलीहून काम, रेडिंगचा पगार: कर कुणाचा?

ब्रिटनमधल्या रेडिंगहून, मंडळाच्या ईमेल यादीवर

नमस्कार मंडळी,

दिवाळी फराळाच्या ऑर्डरींमध्ये हा विषय घुसवते आहे, सांभाळून घ्या.

आईचे दोन्ही गुडघे मिरजेत बदलायचे आहेत. बाबा गेल्यापासून ती सांगलीत एकटीच असते. दोन ऑपरेशन्स, त्यात अंतर, मग फिजिओ. म्हणून सप्टेंबरपासून मार्चअखेरपर्यंत तिथेच राहावं असं मनात आहे. माझं काम पूर्ण रिमोट आहे. मॅनेजरची हरकत नाही, फक्त दुपारनंतर ऑनलाइन दिसलं म्हणजे झालं. नवरा आणि मुलगा इथेच राहतील. दोघं ब्रिटिश नागरिक आहेत. माझ्याकडे आयएलआर (ब्रिटनमध्ये कायम राहायची परवानगी) आहे आणि पासपोर्ट भारतीय.

प्रश्न तीन. भारतात कर भरावा लागेल का? आयएलआरला धक्का लागेल का? आणि नागरिकत्वाचा अर्ज यंदा करायचा होता, तो आधी करू की नंतर? एक मैत्रीण म्हणाली, ब्रिटिश पासपोर्ट घेतलास की भारताच्या कराची कटकटच संपते. खरं आहे का हे?

एचआरने परवा सुचवलं की कंपनीचं हैदराबादला ऑफिस आहे, सात महिने तुझा पगार तिथून काढू, सगळं सोपं होईल. मला तरी ते बरं वाटलं.

– रेडिंगची, मूळ सांगली

स्लावहून

अहो, एवढा विचार कसला करताय? १८२ दिवसांच्या आत राहा, डोळे झाकून जा. आमच्यातले अर्धे लोक असंच करतात. व्हीपीएन (इंटरनेटवर आपली जागा लपवायची सोय) लावा आणि कंपनीला पत्ताच लागू देऊ नका, म्हणजे एचआर नको आणि हैदराबाद नको.

हॅरोहून

रेडिंगकर, थांब जरा. व्हीपीएनचं आधी बोलतो म्हणजे तो विषय संपेल. पासपोर्टवर मुंबईचा शिक्का बसणार आहे आणि लॅपटॉप रोज कुठून जागा होतो ते कंपनीच्या आयटीला दिसतं. दोन्ही देशांच्या कर खात्यांना फसवायला व्हीपीएनचा काडीचा उपयोग नाही, नोकरी घालवायला मात्र पुरेसा आहे. तुझ्या मॅनेजरची हरकत नाही, तर लेखी परवानगी घे. झालं.

आता १८२. स्लावकरांचा आकडा बरोबर आहे, पण अर्धाच. भारतीय कायदा दोन वेगळे प्रश्न विचारतो. पहिला, तू त्या आर्थिक वर्षात भारताची रहिवासी झालीस का? दुसरा, हा पगार कुठे बसून केलेल्या कामाचा आहे? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं तरी दुसरा शिल्लक राहतोच. भारतात बसून केलेल्या कामाचा पगार भारतातलं उत्पन्न मानला जातो, मग तो रेडिंगच्या बँकेत जमा होवो की आणखी कुठे. अनिवासी माणसालाही हे लागू आहे. ‘१८२ च्या आत म्हणजे कर नाही’ असं जे सर्रास सांगतात, ते इथे घसरतात.

सुटका होते ती एकाच उत्पन्नावर दोनदा कर टाळणाऱ्या भारत–ब्रिटन करारामुळे. ब्रिटनच्या रहिवाशाने भारतात नोकरीचं काम केलं तरी भारत त्यावर कर लावत नाही, पण तीन अटी एकदम पाळाव्या लागतात. त्या आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम १८३ दिवसांहून जास्त नको. पगार देणारा मालक भारतातला नको. आणि त्या पगाराचा खर्च भारतात कर भरणाऱ्या उद्योगाच्या हिशेबात पडता कामा नये.

आता एचआरचा सल्ला पुन्हा वाच. हैदराबादमधून पगार काढला की दुसरी अट गेली, तिसरीही गेली. करार हातातून सुटला, पहिल्या पगारापासून टीडीएस सुरू. वर पीएफ, आणि इकडच्या नॅशनल इन्शुरन्समध्ये (सरकारी विमा-पेन्शनच्या वर्गणीत) खंड. तात्पुरतं बाहेर पाठवलेल्या माणसाचा इथला नॅशनल इन्शुरन्स पहिले ५२ आठवडे इथेच चालू ठेवता येतो, तो कशाला तोडायचा? एचआरला ते सोपं आहे. तुला नाही. पगार इथूनच, इथल्या कंपनीच्या खर्चात राहू दे.

आता तारखा. सप्टेंबर ते मार्च हे सातही महिने एकाच भारतीय आर्थिक वर्षात पडतात. १८२ ओलांडले, तू त्या वर्षाची रहिवासी झालीस आणि कराराची १८३ ची अटही मोडली. इकडे ब्रिटनही तुला सोडणार नाही. एप्रिल ते ऑगस्ट तू इथे असणार, म्हणजे १२० हून जास्त रात्री, आणि तेवढ्या रात्रींना नवरा-मुलगा नाहीतर राहतं घर, एवढा एक धागा ब्रिटनच्या नियमाला पुरतो. मग दोन्हीकडची रहिवासी, आणि घर कुठे, संसार कुठे हे करारातल्या कसोट्यांवर घासून सिद्ध करत बसायचं. निकाल बहुधा ब्रिटनच्या बाजूने लागेल, पण सात महिन्यांच्या पगारावर भारताचा हक्क राहील. तो कर भरायचा आणि इथे त्याची वजावट मागायची. पैसे बुडत नाहीत, पण दोन देशांचे फॉर्म भरण्यात एक वर्ष जातं.

हेच सात महिने डिसेंबर ते जून असे घे. भारताचं वर्ष ३१ मार्चला संपतं. डिसेंबर ते मार्च १२१ दिवस, एप्रिल ते जून ९१. दोन्ही वर्षांत १८२ च्या बरीच खाली, कराराच्या अटीतही बसतेस. ब्रिटनचं वर्ष ६ एप्रिलला सुरू होतं, दोन्ही वर्षांत तू इथे १८३ हून जास्त दिवस भरतेस, त्यामुळे इथली रहिवासी असण्याबद्दल वाद उरत नाही. मुक्काम तेवढाच, आईजवळचे दिवस तेवढेच.

२०२० पासून १२० दिवसांची एक अट आली आहे, ती कुणीतरी काढेलच म्हणून आत्ताच सांगतो. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर १८२ च्या जागी १२०. आणि हो, सांगलीत बसून मिळवलेला पगार या १५ लाखांत मोजला जाऊ शकतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पण त्या अटीला जोड आहे, आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. तू वर्षाकाठी महिनाभर जातेस ना? मग ती तुला लागत नाही. अधूनमधून लांबलेल्या मुक्कामांचे शिक्के मात्र एकदा मोजून घे.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी २०२५ चा आयकर कायदा आला आहे. कलमांचे क्रमांक बदलले, हे दिवस तेच आहेत.

नागरिकत्वाचं संध्याकाळी लिहितो. नातीला पोहायला न्यायचंय.

– काका, हॅरो

लीड्सहून

काका, मी अजून स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे. मलाही डिसेंबरमध्ये नाशिकला दोन-तीन महिने राहून काम करायचंय. हेच लागू?

हॅरोहून

कराचं हेच. व्हिसाचं गणित वेगळं. आयएलआरसाठी कुठल्याही सलग १२ महिन्यांत १८० दिवसांहून जास्त बाहेर राहायचं नाही. कॅलेंडर वर्ष नव्हे, कुठलेही १२ महिने. शिवाय तुझा स्पॉन्सर, म्हणजे तुझी कंपनी, इथल्या गृहखात्याला बांधील आहे, कामाची जागा बदलली की त्याला कळवावं लागतं, म्हणून तुझ्या बाबतीत लेखी परवानगी दुप्पट गरजेची. ब्रिटिश सरकारच्या मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत आयएलआरसाठी पाचाऐवजी दहा वर्षांची भाषा आहे. अशा हवेत दिवस उधळू नकोस, सुट्टीपुरता जाऊन ये.

आता रेडिंगकर, तुझं. आयएलआर सलग दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिल्यावर जातो, सात महिन्यांनी त्याला काही होत नाही. नागरिकत्वाच्या अर्जाला मात्र होतं. नवरा ब्रिटिश असल्यामुळे तुला तीन वर्षांचा मार्ग खुला आहे: तीन वर्षांत २७० दिवसांपर्यंत बाहेर, आणि शेवटच्या १२ महिन्यांत ९० पर्यंत. पाच वर्षांच्या मार्गात एकूण ४५० चालतात, शेवटच्या वर्षाचे ९० तेच. अर्ज पोहोचतो त्या तारखेच्या बरोबर तीन किंवा पाच वर्षं आधी तू या देशात हजर असावं लागतं. त्या दिवशी सांगलीत लग्नाला गेली असशील तर दुसरी तारीख धर.

म्हणजे आत्ता सगळे आकडे बसत असतील तर जायच्या आधी अर्ज कर. नसतील तर जूनअखेर परत ये आणि पुढच्या एप्रिलपर्यंत थांब, मागे वळून पाहिलेल्या १२ महिन्यांत तेव्हा ९० च्या आसपास दिवस उरतात. खरं तर त्याच पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत थांब, मध्ये नाताळात आठवडाभर कुठे गेलीस तर काठावर येशील.

दिवस मोजायच्या रीतीही तीन आहेत, हे टिपून ठेव. ब्रिटनचं कर खातं मध्यरात्री तू कुठे होतीस ते पाहतं. नागरिकत्वाच्या हिशेबात निघायचा आणि पोहोचायचा दिवस गैरहजेरीत धरत नाहीत. भारतात मात्र सावधपणे दोन्ही दिवस मुक्कामात धरायचे. एकाच प्रवासाचे तीन वेगळे आकडे येतात. तिकिटाच्या पीडीएफ आणि शिक्क्यांचे फोटो एका फोल्डरमध्ये टाक, एक्सेलमध्ये तीन रकाने कर.

आणि तुझ्या मैत्रिणीला सांग, पासपोर्टने कराची कटकट संपत नाही. पासपोर्ट बदललास म्हणून इथलं कर खातं एक पौंडही जास्त किंवा कमी मागणार नाही, ते राहण्यावर चालतं. नागरिकत्वावरून जगभरच्या उत्पन्नावर कर लावणारी अमेरिका, आपण तिथे नाही. भारतातल्या घरभाड्यावर आणि व्याजावर भारत कर घेतच राहणार, पासपोर्ट निळा असो की गडद निळा.

– काका

स्विंडनहून

नमस्कार. काकांच्या शेवटच्या परिच्छेदाचा मी चालताबोलता पुरावा. मी मूळ म्हापशाचा. वडील १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले, त्यामुळे त्यांची आणि मग माझी जन्मनोंद लिस्बनला झाली आणि ब्रेक्झिटच्या आधी पोर्तुगीज पासपोर्टवर मी इथे आलो. स्विंडनमध्ये माझ्यासारखे भरपूर आहेत. पोर्तुगालमध्ये मी एक रात्रही राहिलेलो नाही आणि पोर्तुगालने माझ्याकडे एक सेंटही मागितलेला नाही. कर सगळा इथेच.

पण पासपोर्टने बाकीचं बरंच बदलतं. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. दुसऱ्या देशाचं घेतलं त्या क्षणी भारताचं आपोआप संपतं, पासपोर्ट कपाटात तसाच असला तरी. तो परत करायचा, त्यावर पुन्हा प्रवास केला तर दंड, आणि गावच्या मतदारयादीतून नाव काढून घ्यायचं. आमच्याकडे यावरून पुष्कळांना मनस्ताप झालाय. मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं कार्ड. त्यावर भारतात राहता येतं, काम करता येतं. मत देता येत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

ताई, सांगली म्हटलंत म्हणून विचारतो, आईच्या नावावर शेत आहे का? असलं तर घाबरू नका. वारशाने आलेली शेतजमीन ओसीआयवाल्याला ठेवता येते. माझ्या वाट्याचं बार्देशातलं भाताचं शेत अजून माझ्या नावावर आहे. शेजारचा तुकडा स्वस्तात विकायला निघाला तेव्हा तो मात्र चुलतभावाने घेतला, मला घेता आला नाही. विकायची वेळ आली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. देव बरें करूं.

क्रॉयडनहून

काका, थोडं विषयांतर. माझा मेहुणा दोन वर्षांपूर्वी इथून दुबईला गेला, भारतीय पासपोर्टवर. तिथे आयकर नाही. त्याला कुणीतरी सांगितलंय की कुठेच कर न भरणाऱ्या भारतीयाला भारत आता आपला रहिवासी धरतो आणि दुबईच्या पगारावर कर लावतो. बिचाऱ्याची झोप उडालीय.

हॅरोहून

झोपू द्या त्याला. ती २०२० ची तरतूद आहे. भारतातलं उत्पन्न १५ लाखांहून जास्त असेल आणि दुसऱ्या कुठल्याही देशात तो कराला पात्र नसेल, तरच. आणि लागली तरी त्याला ‘निवासी पण साधारण निवासी नाही’ अशा मधल्या पायरीवर ठेवतात, त्यात दुबईत केलेल्या नोकरीच्या पगारावर कर येत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने तसा खुलासाही केला होता. पासपोर्ट बघून रहिवासी ठरवणारं एवढं एक कलम आहे म्हणा, ते फक्त भारतीय नागरिकांना लागू. पासपोर्टबद्दलचं माझं मघाचं ठाम बोलणं तेवढं थोडं सैल करतो.

त्याने काळजी करायची ती वेगळी. दुबईचा पगार, पण काम महिनोन्महिने ठाण्याच्या फ्लॅटमधून, असं तर चाललेलं नाही ना? तिथे १८२ आणि कामाची जागा हे दोन्ही प्रश्न पुन्हा उभे राहतात. एस्टोनियाचं ई-रेसिडेन्सी कार्ड काढून ‘मी तिकडचा रहिवासी’ म्हणणारेही मला भेटलेत. ते कार्ड कंपनी चालवायला आहे. ना व्हिसा, ना कर-रहिवास.

रेडिंगहून

काका, स्विंडनचे दादा, खूप आभार. आईच्या डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले दुखणं जुनं आहे, डिसेंबरमध्ये पहिला गुडघा केला तर थंडीत उलट बरंच. एचआरला हैदराबाद नको म्हणून कळवलं. त्यांनी विचारलं की तुझ्यामुळे कंपनीवर भारतात कर लागेल का, आता त्यांचे सल्लागार आणि मी बुधवारी बोलणार आहोत. नागरिकत्वाचे दिवस मोजले. गेल्या वर्षी बाबांच्या वेळी जास्त राहिले होते, त्यामुळे शेवटच्या १२ महिन्यांतले बाहेरचे दिवस आत्ता ९० च्या वर जातात. अर्ज परत आल्यावरच.

दादा, शेत आहे, तासगाव रोडला, सातबाऱ्यावर आई आणि मामा दोघांची नावं. फेरफार अजून आजोबांच्या वेळचाच अडकलाय. डिसेंबरमध्ये तलाठ्याकडेही एक फेरी मारते.

दोन्ही देशांचं एकत्र पाहणारा सीए कुणाला माहीत असेल तर मला वैयक्तिक मेल करा, यादीवर नको. आणि काका, मी ब्रिटनची रहिवासी आहे असं एचएमआरसीचं (इथल्या कर खात्याचं) सर्टिफिकेट जायच्या आधी मागायचं की तिथून?

हॅरोहून

वर्षासाठी मिळतं, ऑनलाइन मागता येतं, कुठूनही. पण डिसेंबरच्या आधीच अर्ज टाक, त्यांना आठवडे लागतात. चकलीचे दोन डबे माझ्या नावावर लिही.