मदत हवी आहे : मुलांना स्वरज्ञान देताना कोडाय पद्धत वापरावी का?

सप्रेम नमस्कार. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका गावात मी प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना गायन शिकवते. त्यांत मराठी आणि कन्नड अशा दोन्ही घरांतली मुले आहेत. आपल्याकडे प्रारंभ सरळ अलंकारांनी, म्हणजे 'सारेग, रेगम' अशा ठरावीक स्वरक्रमांच्या सरावाने, होतो. हंगेरीचे संगीतकार झोल्टान कोडाय (१८८२–१९६७) यांचा मार्ग अनुसरणारे शिक्षक मात्र पुष्कळदा 'सो-मी', म्हणजे आपल्या 'प-ग', या उतरत्या जोडीपासून सुरुवात करतात, प्रत्येक स्वराला हाताची खूण देतात आणि लेखन मागाहून आणतात. त्यांचा पहिला स्वर 'डो' आपल्या षड्जासारखाच ('सा'सारखाच) कोणत्याही पट्टीत धरता येतो, त्यामुळे ही पद्धत आपल्याला परकी वाटू नये, असे माझे मत आहे.

माझी अडचण षड्जाची आहे. 'प-ग' सुरेल लावणारी मुलेही त्यानंतर 'सा'वर यायला सांगितले की चाचपडतात, आणि पेटी उघडली की कानाऐवजी त्यांचे डोळे पट्ट्यांवर खिळतात. तानपुऱ्यात षड्ज अखंड वाजत असताना 'प-ग'पासून सुरुवात केल्याने त्याचे भान मंदावते, की अलंकार घोटून घेतल्यानेच ते पक्के होते? शिवाय पालकांना परीक्षेची घाई असल्याने भातखंडे लिपी, म्हणजे स्वर-ताल कागदावर लिहिण्याची पद्धत, लवकर शिकवावी लागते. माझ्या मते, कान तयार होण्याआधी ती देणे मुलांवर अन्याय आहे.

कुमार गंधर्वांचे जन्मगाव सुळेभावी याच जिल्ह्यातले. इथे कानाने शिकलेले गायक-वादक आजही भेटतात. आपल्यापैकी कोणी हातखुणा आणि तानपुरा एकत्र वापरून पाहिला असल्यास, षड्ज कोणत्या टप्प्यावर आणि कसा पक्का करून घेतला, हे कृपया सविस्तर लिहावे.