लेथवर देव्हाऱ्याचे खांब कातताना मधोमध थरथर, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नाशिकला सातपूरमधल्या भाड्याच्या गाळ्यात लाकूड कातायचा जुना लेथ बसवलाय. अर्धा एचपी मोटर, चार टप्प्यांची पुली. देव्हाऱ्याचे कातीव खांब करायचेत: सुकं सागवान, 45 मिमी जाड, 500 मिमी लांब.

टोकांना काम लोण्यासारखं होतं. मधली मान 25 मिमीच्या खाली उतरली की दांडा फडफडतो, गोल पटाशी उड्या मारते आणि लाकडावर स्क्रूच्या आट्यांसारखे तिरके वळ उठतात. वेग साधारण 1200 आरपीएम. कमी केला तर थरथर घटते, पण वळ राहतातच.

दांडा दोन्ही टोकांना धरणाऱ्या सेंटरची टोकं समोरासमोर जुळतात. मागचं सेंटर फिरतं, बेअरिंगचं आहे. ते फार आवळलं की बारीक दांडा वाकतो, म्हणून थोडं सैल करून पाहिलं, किंचितच फरक. पटाशीला धार आहे. टूल रेस्ट (पटाशी टेकवायची पट्टी) लाकडापासून 5 मिमीवर, सुरू करण्याआधी हाताने फिरवून बघतो. चेहऱ्यावर शील्ड असते, हातमोजे नाहीत.

फरशीत बोल्ट मारायला मालकाची परवानगी नाही, त्यामुळे स्टँडवर वाळूची पोती ठेवलीत.

हेडस्टॉकचं (दांडा फिरवणाऱ्या मोटरकडच्या बाजूचं) बेअरिंग ढिलं आहे की दांडाच लवतोय, हे खोलून न बघता कसं ओळखायचं? आणि लवतच असेल, तर प्लायवूड आणि स्केटच्या चाकांचा घरी केलेला स्टेडी रेस्ट (दांड्याला मधे आधार देणारी चौकट) या वेगाला सुरक्षित आहे का?