अण्णांचा निरोप त्यांना शोभेल असा कसा करावा?

प्रश्न: आमचे अण्णा पहाटे गेले. जन्मभर मागावर चादरी विणल्या, वारी कधी चुकवली नाही, बहीण पुण्याहून निघालीय म्हणून संध्याकाळी नेणारंय, पण नुसतं उरकायचं नाहीये, काय करता येईल?

उत्तर १: आधी नेत्रदानाचं बघा, 6 तासांच्या आत व्हावं लागतं. पंखा बंद करा, डोळे मिटून वर ओला कापूस ठेवा अन् आत्ताच नेत्रपेढीला फोन लावा.

उत्तर २: त्यांच्या हातचीच चादर अंगावर घाला की! भजनी मंडळ बोलवा, टाळ-मृदंगावर अभंग म्हणतच न्या. बहिणीला खांदा द्यायचा असला तर देऊ द्या, लोकांचं ऐकू नका.

प्रश्नकर्ता: नेत्रपेढीची माणसं निघालीत, आईनं चादर काढलीय. अस्थी पंढरपूरला, चंद्रभागेत.

उत्तर ३: फक्त हार, पिशव्या नदीत टाकू नका.