अमोनिया जास्त झाल्याने उपयुक्त जिवाणूंची वाढ खुंटते का?

प्रश्न :
गोड्या पाण्याच्या नव्या टाकीत मासे सोडण्यापूर्वी चार आठवड्यांपासून सायकलिंग (अमोनिया टाकून टाकीत उपयुक्त जिवाणू वाढवणे) करत आहे. जिवाणूंना भरपूर खाद्य मिळावे या समजुतीने मी प्रत्येक वेळी अमोनिया ८ पीपीएमपर्यंत (लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम) नेत आलो. पीएच ८.२ आणि तापमान २५ अंश आहे. अमोनिया आता हळूहळू उतरतो, परंतु नायट्राइटच्या चाचणीत थेंब पडताच नळी गडद जांभळी होते आणि दहा दिवसांत त्यात काडीचाही फरक पडलेला नाही. जिवाणू मेले असतील का? पाणी बदलल्यास उरलेलेही निघून जातील का?

उत्तर १ :
जिवाणू मेले असतील असे वाटत नाही. त्यांची वाढ अडली आहे आणि तीही दोन्ही गटांची सारखी नाही. अमोनियाचे नायट्राइट करणारे नायट्रोसोमोनास बरेच सोशिक असतात, मात्र त्या नायट्राइटचे नायट्रेट करणाऱ्या नायट्रोस्पायरासारख्या जिवाणूंना मुक्त अमोनिया (अमोनियम न बनता मूळ रूपातच राहिलेला भाग) फार लवकर बाधतो. सांडपाणी शुद्धीकरणाच्या अभ्यासात ही बाधा लिटरला ०.१ ते १ मिलिग्रॅम मुक्त अमोनियापासूनच दिसते, तर पहिल्या गटाची मर्यादा १० च्या पुढे जाते.

किट दाखवते तो एकूण अमोनिया. त्यातला मुक्त भाग किती, हे मुख्यतः पीएच ठरवतो. २५ अंशांना पीएच ७ असताना तो जेमतेम अर्धा टक्का असतो, ८.२ ला मात्र सुमारे आठ टक्के. म्हणजे तुमच्या ८ पीपीएममध्ये मुक्त अमोनिया ०.६५ च्या आसपास होता. तेच प्रमाण २ पीपीएम ठेवले असते, तर तो ०.१६ वर राहिला असता. आज निम्मे पाणी बदला, उद्या पुन्हा निम्मे, आणि यापुढे २ पीपीएमच्या वर जाऊ नका.

उत्तर २ :
वरील उत्तराशी सहमत आहे. पाणी बदलण्याची भीती मनातून काढून टाका, कारण हे जिवाणू पाण्यात तरंगत नसून फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर आणि काचेवर बुळबुळीत थर करून चिकटलेले असतात. नव्या पाण्यातले क्लोरीन मात्र आधी घालवा आणि स्पंज नळाखाली धुऊ नका.

क्षारताही मोजा. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे रूपांतर होताना कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने सात मिलिग्रॅमहून अधिक क्षारता खर्च होते; ती संपली की पीएच घसरतो आणि मग दोन्ही गट मंदावतात. नायट्राइट एवढे चढलेले असताना नायट्रेटच्या चाचणीवर विसंबू नका, कारण त्या चाचणीत नायट्राइटही मोजले जाते.

दुसऱ्या गटाची वाढ मुळातच संथ असते, त्यामुळे आणखी दोन-तीन आठवडे लागू शकतात. २ पीपीएम अमोनिया टाकल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की मोठ्या प्रमाणात पाणी बदलून मासे सोडा.