सेटअपची पानं नव्या माणसाकडूनच तपासून घ्या

सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये नवीन आलेल्यांना सेटअप करताना अडतं, म्हणून रीडमीत (प्रोजेक्टची माहिती आणि सेटअपच्या पायऱ्या असलेल्या फाइलमध्ये) अजून सविस्तर लिहा असं काहींचं म्हणणं आहे, ते पटलं, पण मला वाटतं खरी अडचण लांबीची नाहीये, लिहिलेलं शिळं होतं ही आहे. लिहिणाऱ्याच्या मशीनवर सगळं आधीच इन्स्टॉल असतं त्यामुळे त्याला गाळलेली पायरी दिसतच नाही.

माझंच सांगतो, एका प्रोजेक्टमध्ये फक्त "पायथन ३ लागेल" एवढंच लिहिलेलं, मी आपलं ३.१२ टाकलं आणि "एनपीएम इन्स्टॉल" (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडची पॅकेजेस टाकणारी कमांड) चालवताना डिस्टयूटिल्स हे पायथनचं मॉड्यूल सापडत नाही म्हणून एरर, अख्खी संध्याकाळ त्यात गेली. २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ मधून ते मॉड्यूल काढूनच टाकलंय आणि जुन्या नोड-जिपला (नोडची काही पॅकेजेस कंपाइल करणाऱ्या टूलला) ते लागतं, हे नवख्याला कुठून कळणार? त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही, आणि तो गपचूप निघून जातो. याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून व्हर्जन नेमकं लिहा, शक्यतो रेपोतल्याच (प्रोजेक्टचा कोड ठेवतात तिथल्याच) फाइलमध्ये, नोडचं व्हर्जन लिहायला डॉट एनव्हीएमआरसी फाइल असते तसं. एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची (प्रोग्रामला बाहेरून द्यायच्या सेटिंग्जची) नमुना फाइल द्या. प्रत्येक कमांडनंतर स्क्रीनवर काय दिसायला हवं तेही एका ओळीत लिहा, याने खूप फरक पडतो, कारण कुठे चुकलं ते लगेच कळतं. आणि त्याच कमांड्स सीआयमध्ये (आपोआप तपासण्या चालवणाऱ्या यंत्रणेत) कोऱ्या कंटेनरवर, म्हणजे आधी काहीच इन्स्टॉल नसलेल्या वेगळ्या वातावरणात, दर आठवड्याला चालवा, मोडलं की प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या मेंटेनरला आधी कळेल.

नवीन कोणी आलं की त्याला जिथे अडलं तिथली दुरुस्ती हाच त्याचा पहिला पुल रिक्वेस्ट (बदल मूळ प्रोजेक्टमध्ये घ्या अशी विनंती) करायला सांगा, आणि तो लवकर मर्ज करा प्लीज.