मदत हवी आहे: कॉसमॉसचा गडद गुलाबी रंग फोटोत खरा येत नाही

नमस्कार. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. घरापुढे लहानसा वाफा आहे. आईने गणपती झाल्यावर त्यात कॉसमॉसचं बी टाकलं. बीही तिचंच, गेल्या वर्षी वाळलेल्या फुलांतून काढून कागदाच्या पुडीत जपलेलं. पुढे तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि ती कोल्हापूरला दादाकडे गेली. आता झाडं माझ्या छातीपर्यंत आलीत, रोज नवी फुलं उमलतायत, आणि तिला ती फक्त माझ्या फोनमधून दिसतायत.

अडचण गडद गुलाबी फुलांची आहे. प्रत्यक्षात त्या रंगात जांभळी झाक आहे, पाकळीवर उभ्या बारीक शिरा आहेत, मधोमध पिवळं. फोटोत मात्र नुसता भडक राणी रंगाचा ठिपका येतो, शिरा गायब. आई फोटो पाहून म्हणाली, "अगं, माझी फुलं अशी नाहीत." ते मनाला लागलं. पांढऱ्या फुलांचं तर ऊन पडलं की नुसतं कागदासारखं काहीतरी होतं.

फोन साधा आहे, पण त्यात प्रो मोड आहे, म्हणजे सेटिंग हाताने बदलता येतात. मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड वापरला तर शेपूच्या पानांसारखी ती नाजूक पानं आणि देठ अर्धे पुसले जातात. शिवाय देठ इतके लांब की जराशी झुळूक आली तरी फूल हलतं. रस्त्याकडेला पावसाळ्यानंतर फुलतो तो नारिंगी कॉसमॉस वेगळा, त्याचे फोटो बरे येतात. नाशिकचं जुनं नाव गुलशनाबाद. गुलाबाचे फोटो कसे काढावेत हे सांगणारे इथे भेटतात, कॉसमॉसचं सांगणारं कुणी भेटलं नाही. कृपया मदत करा.

प्रतिसाद:
ताई, या रंगात लाल भाग फार असतो. कॅमेऱ्यात लाल आधी भरून जातो, म्हणून शिरा दिसत नाहीत. फुलावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड लॉक होईल, मग उजेड खाली ओढा. फोटो थोडा काळपट वाटला तरी चालेल, नंतर उजळता येतो. भरून गेलेला रंग मात्र परत मिळत नाही. पांढऱ्यालाही हाच उपाय. प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार फोटोचे रंग जुळवणारं सेटिंग) ऑटोवर ठेवू नका, उन्हात ५२०० ते ५५०० केल्विनच्या आसपास ठेवून पाहा. शटर, म्हणजे फोटो टिपायचा वेळ, १/१००० सेकंद ठेवलं तर झुळूक नडत नाही. दुपारचं ऊन टाळा, नाहीतर कुणाला तरी पांढरा पंचा फुलावर धरायला सांगा, ऊन मऊ होतं.

प्रतिसाद:
फूल निवडण्याचंही पाहा. बाहेरच्या आठ 'पाकळ्या' ही खरं तर आठ वेगळी फुलं, आणि मधला पिवळा भाग म्हणजे असंख्य चिमुकली फुलं, कडेकडून आत उमलत जाणारी. नुसती कडच उमललेली असेल ते फूल ताजं. फोन फुलाला चिकटवू नका, थोडं मागे राहून दुपटीच्या झूमवर घ्या. आणि एकदा खाली बसून सूर्याच्या समोरून काढा. पाकळी पातळ असते, ऊन आरपार येतं आणि शिरा आपोआप दिसतात. मागे सावलीतली भिंत मिळाली तर उत्तम. (झाड मूळचं मेक्सिकोचं. १७९१ मध्ये काव्हानिलेस या स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने नाव दिलं, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ सुव्यवस्था. त्या आठ पाकळ्या पाहिल्या की नाव पटतं.)

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी सात वाजता थंडीत शाल गुंडाळून वाफ्याजवळ बसले. वारा नव्हता. उजेड कमी करून, उन्हाच्या समोरून एक फोटो घेतला आणि त्यात शिरा आल्या! जांभळी झाकही आली. फुलावर एक मधमाशी बसली होती, तिच्या पायांवरचे पिवळे परागही दिसले. आईला पाठवला. तिने लगेच फोन केला, "हाच गं तो रंग." मग बराच वेळ एकेका फुलाबद्दल विचारत राहिली.

आता तिचा एक प्रश्न आहे. पांढऱ्याचं बी वेगळं काढून ठेव, असं ती सांगतेय. पण सगळे रंग एकाच वाफ्यात आहेत आणि मधमाश्या दिवसभर या फुलावरून त्या फुलावर फिरतायत. पुढच्या वर्षी त्या बियांतून पांढरंच येईल ना? की उमलायच्या आधीच कळीला जाळीची पिशवी बांधावी लागेल?